दूधसागर दिवसाउजेडी दिसला पाहिजे: रेल्वेच्या लांब प्रवासातले मुक्काम कसे ठरवायचे?

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या महिन्यात मी आईबाबांना घेऊन केलेल्या रेल्वे प्रवासाचे दोन फोटो टाकले होते. त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, “प्लॅन पाठव ना.” प्लॅन पाठवायला मला एक मिनिट लागेल. पण तो जसाच्या तसा तुमच्या कामाचा नाही. तुमची सुट्टी वेगळी, सोबतची माणसं वेगळी, खिसा वेगळा. म्हणून आज प्लॅन कसा बनतो ते सांगतो. कुठे उतरायचं, किती वेळ थांबायचं, तिकीट कसं काढायचं, आणि गाडी चुकली तर काय.

आधी, मी कुठे आपटलो ते

दोन वर्षांपूर्वी मी असाच एक भारी प्लॅन केला होता. स्प्रेडशीट, रंगीत रकाने, सगळं. एका जंक्शनवर पहिली गाडी पोचणार आणि चाळीस मिनिटांनी दुसरी सुटणार. कागदावर एकदम चोख. प्रत्यक्षात पहिली गाडी दीड तास उशिरा पोचली, दुसरी आमच्या डोळ्यांदेखत नाही, त्याच्या कितीतरी आधीच निघून गेलेली. आईबाबांनी रात्र फलाटावर काढली. बाबा बॅगेवर हात ठेवून बसल्या बसल्या झोपले. सकाळी चहा पिताना ते एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी तू जाऊन ये. आम्ही घरीच बरे.”

रागावले असते तर परवडलं असतं. हे वाक्य जास्त लागलं. कारण चूक गाडीची नव्हतीच. आपल्याकडे गाडीला उशीर होऊ शकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी ते गृहीत धरलं नाही, ही माझी चूक. कामावर मी रोज सर्व्हर बंद पडला तर काय, नेटवर्क गेलं तर काय, याचाच विचार करतो. आणि स्वतःच्या आईबाबांच्या प्रवासात मात्र सगळं वेळेवर चालेल असं धरून बसलो.

तर यावेळी ठरवलं, प्लॅन कमी हुशार असला तरी चालेल, पण उशीर झाला तरी कोसळता कामा नये.

वर्तुळ: हिंगोलीतून निघून हिंगोलीत

आपल्या हिंगोलीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्णा-अकोला मार्ग आधी मीटर गेज होता. २००८ साली तो ब्रॉडगेज झाला आणि आपण देशाच्या मोठ्या जाळ्याला नीट जोडलो गेलो. आता स्टेशनच्या बोर्डावर ‘हिंगोली डेक्कन’ वाचून एका बाजूला अकोला, खंडव्याकडे आणि दुसऱ्या बाजूला पूर्णा, परभणी, नांदेडकडे जाता येतं. मार्च २०२४ मध्ये जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली. शिवाय नागपूर-कोल्हापूर ही गाडी आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडून जाते. वाशिम, हिंगोली, वसमत, पूर्णा, परभणी, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा तिचा लांबलचक रस्ता आहे.

मी नकाशा उघडला तेव्हा जाणवलं की यातून एक वर्तुळ होतंय. हिंगोलीहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने मडगाव, मडगावहून दूधसागरच्या घाटातून मिरज, आणि मिरजेहून पंढरपूर, लातूर करत परत हिंगोली. साधारण एकवीसशे किलोमीटर. परभणी-हिंगोलीसारखे थोडे तुकडे सोडले तर एकही रस्ता दोनदा नाही.

आईला समुद्र बघायचा होता, जो तिने साठीला आली तरी पाहिला नव्हता. बाबांना पंढरपूर. मला घाट. तिघांचंही एका वर्तुळात बसलं.

पायरी पहिली: आधी उजेड ठरवा, मग गाडी

सुंदर रेल्वेमार्गाचा प्रवास आखताना बहुतेक जण आधी गाडी शोधतात. उलट करा. आधी कागदावर लिहा, कोणता तुकडा दिवसाच बघायचाय. बाकीचा अंधारात गेला तरी चालेल.

माझ्या यादीत दोनच तुकडे होते.

पहिला, कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. २६ जानेवारी १९९८ ला तो सलग सुरू झाला. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर. आणि रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. म्हणजे खाली वीसेक मजल्यांची इमारत उभी राहील एवढी जागा. हा पूल रात्री पार केला तर तुम्हाला फक्त चाकांचा बदललेला आवाज कळेल.

दुसरा, कुळे ते कॅसलरॉकचा घाट, ज्याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकासाठी हा फार मोठा चढ आहे. म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडतात. आपला कसारा घाटही एवढाच तीव्र आहे. याच घाटात दूधसागर आहे, ३१० मीटरचा धबधबा, आणि रेल्वेचा पूल अगदी त्याच्या पुढ्यातून जातो.

आता गंमत बघा. वास्को आणि दिल्लीच्या निजामुद्दीनदरम्यान धावणारी गोवा एक्सप्रेस या घाटातून रोज जाते. दिल्लीकडून गोव्याला येताना ती हा घाट पहाटेच्या अंधारात उतरते. आणि वास्कोहून ती दुपारी सुटते, म्हणजे जाताना घाट उजेडात चढते. तोच घाट, तीच गाडी, फक्त दिशा बदलली.

माझा पहिला प्लॅन उलटा होता. आधी पंढरपूर, मग मिरज, मग गोवा, आणि शेवटी मुंबई. बाबांची इच्छा होती की आधी देवदर्शन, मग बाकी. पण तसं केलं असतं तर दूधसागर झोपेत गेला असता. एवढ्या एका कारणावरून मी अख्खं वर्तुळ फिरवलं. बाबांना सांगितलं, “आधी मुंबई, शेवटी पांडुरंग.” ते म्हणाले, “शेवटीच बरंय, पाप धुवून घरी येऊ.”

पायरी दुसरी: सगळ्यात हट्टी गाडी शोधा आणि उलटं मोजा

वर्तुळातल्या बहुतेक गाड्या रोजच्या होत्या. फक्त पंढरपूरहून हिंगोलीला थेट आणणारी गाडी आठवड्यातून दोनच दिवस. ती चुकली तर कुर्डुवाडी, लातूर, परभणी अशा उड्या मारत यायचं, तेही दोन ज्येष्ठ आणि चार बॅगा घेऊन.

अशी एखादी गाडी प्रत्येक प्लॅनमध्ये असते. साप्ताहिक, द्विसाप्ताहिक किंवा शेवटची बस. तिला मी हट्टी गाडी म्हणतो. तारीख तिच्यापासून सुरू करायची आणि मागे मागे यायचं. ‘मी शनिवारी निघतो’ असं आधी ठरवाल तर शेवटी फसाल. ‘मला अमुक दिवशी पंढरपूरच्या फलाटावर उभं राहायचंय’ असं ठरवलं की निघायचा वार आपोआप निघतो.

आणि मोकळा दिवस, बफर, हट्टी गाडीच्या आधी ठेवायचा. लोक तो प्रवासाच्या शेवटी ठेवतात, ‘घरी येऊन एक दिवस आराम’. आराम चांगलाच. पण प्रवासात काही बिघडलं तर घरचा दिवस तुम्हाला वाचवत नाही. मी तो पंढरपुरात ठेवला. मागचं सगळं एक दिवस पुढे ढकललं गेलं असतं तरी हट्टी गाडी मिळालीच असती. आणि काहीच बिघडलं नाही तर? पंढरपुरात एक दिवस जास्त मिळाला, याची तक्रार बाबा करणार होते का?

पायरी तिसरी: ‘तीच गाडी, दुसऱ्या दिवशी’

मुक्काम किती तासांचा असावा? रोजच्या गाडीसाठी माझा नियम सोपा आहे. ज्या गाडीने उतरलात तीच गाडी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पकडा. बरोबर चोवीस तास. पोचायची वेळ चांगली तर सुटायची वेळही चांगलीच असणार.

आम्ही मुंबईहून सकाळची मांडवी एक्सप्रेस घेतली. रोहा, खेड, चिपळूण करत ती रत्नागिरीला दुपारी पोचते. आम्ही तिथे उतरलो. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, रिक्षा करावी लागते. जेवण, थोडी झोप, आणि संध्याकाळी समुद्र. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मांडवी. म्हणजे मुंबई ते रत्नागिरी उजेडात, आणि पानवलचा पूलही उजेडात. एका दमात गेलो असतो तर शेवटचे चार तास आईचे पाय सुजले असते आणि खिडकीबाहेर कुणी पाहिलं नसतं.

समुद्राचं सांगतो. आई भाट्याच्या किनाऱ्यावर बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, “एवढं पाणी, आणि प्यायला थेंब नाही.” मराठवाड्याची बाई, दुसरं काय म्हणणार.

मुक्कामाचं ठिकाण निवडताना

तीन गोष्टी बघा.

एक, तिथून पुढे जायला किमान दोन पर्याय आहेत का? रत्नागिरी, मडगाव, मिरज यांना आहेत. सुंदर दिसणाऱ्या छोट्या स्टेशनवर दिवसातून दोन गाड्या थांबत असतील तर तिथे खिडकीतून हात हलवा, उतरू नका.

दोन, रात्री पोचत असाल तर झोपायची जागा स्टेशनच्या जवळ, शक्यतो स्टेशनातच. मोठ्या स्टेशनांवर विश्रामगृहं असतात, ज्यांना आपण रिटायरिंग रूम म्हणतो. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआर टाकून ती ऑनलाइन आरक्षित करता येते. गोवा एक्सप्रेसने आम्ही मिरजेला रात्री पोचणार होतो, म्हणून तिथली व्यवस्था मी सगळ्यात आधी केली. स्टेशनात जागा नसेल तर समोरचं लॉज आधी फोन करून ठरवा.

तीन, सामान. चोवीस तासांत गाव बघायचं तर बॅगा नकोत. क्लोकरूम असेल तर तिकीट दाखवून सामान ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप लागतं. पन्नास रुपयांचं कुलूप घरून घेऊन निघा, नाहीतर स्टेशनबाहेर शोधत फिराल.

तिकीट: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

“अरे, एकच तिकीट काढ आणि मध्ये उतर, ब्रेक जर्नी असते की!” असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. काका चूक नाहीत, पण अर्धवट बरोबर आहेत.

ब्रेक जर्नीचा नियम असा. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं हवं. १,००० किलोमीटरपर्यंत एकदा आणि त्यापुढे दोनदा उतरता येतं. उतरण्याचा आणि पुन्हा चढण्याचा दिवस सोडून दोन दिवस थांबता येतं. उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर शेरा आणि सही घ्यायची. आणि खरी मेख ही: पहिला ब्रेक ५०० किलोमीटर प्रवास झाल्याशिवाय मिळत नाही.

आता आमच्या वर्तुळावर हा नियम लावून बघा.

मुंबई ते मडगाव साधारण ५८० किलोमीटर. तिकीट पाचशेच्या वर, ठीक. पण रत्नागिरी येतं साडेतीनशेच्या आत. ब्रेक नाही.

मडगाव ते हिंगोली नऊशेच्या आसपास. पण मिरज तीनशेवर, पंढरपूर साडेचारशेच्या आत. तिथेही ब्रेक नाही.

हिंगोली ते मुंबई साडेसहाशेच्या आसपास, पण आम्ही जनशताब्दीने जाणार. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीसारख्या गाड्यांत ब्रेक जर्नी चालतच नाही.

म्हणजे आमच्या तिन्ही टप्प्यांत काकांचा नियम शून्य उपयोगाचा! म्हणून आम्ही प्रत्येक तुकड्याचं वेगळं तिकीट काढलं. थोडे पैसे जास्त गेले, कारण रेल्वेचं भाडं टेलिस्कोपिक असतं. अंतर वाढत जातं तसा पुढच्या किलोमीटरचा दर कमी होत जातो. लांबचं एक तिकीट हे त्याच अंतराच्या चार छोट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं ते यामुळेच.

मग ब्रेक जर्नी कुणाच्या कामाची? आपल्याकडून अकोला, खंडवा, भोपाळ, उज्जैन करत राजस्थानात जाणाऱ्या गाड्या आहेत. हिंगोली ते जयपूर हजार किलोमीटरच्या कितीतरी पुढे, म्हणजे दोन ब्रेक. भोपाळ साडेसहाशेच्या पुढे येतं, पाचशेची अट संपलेली. तिथे उतरून सांची, भीमबेटका बघा, मग पुढे उज्जैन. तिथे हा नियम सोन्यासारखा आहे. मात्र प्रत्येक तुकड्याचं आरक्षण लागतंच. ब्रेक जर्नी म्हणजे भाडं एकत्र, सीट आपोआप नाही. हे काम काउंटरवर जाऊन, कागदावर गाड्यांचे नंबर आणि तारखा लिहून करा.

अजून एक छोटा पण कामाचा मुद्दा. पुढची जोडगाडी पकडण्यासाठी चोवीस तासांच्या आत जंक्शनवर थांबलात, तर तो ब्रेक धरला जात नाही.

आणि ज्यांना माझ्यासारखं पूर्ण वर्तुळ करायचंय त्यांच्यासाठी सर्क्युलर जर्नी तिकीट नावाची चीज आहे. सुरुवात आणि शेवट एकाच स्टेशनवर, मध्ये जास्तीत जास्त आठ ब्रेक. भाडं काढताना एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि प्रत्येक भागाला लांब प्रवासाचा दर लावतात. त्यामुळे स्वस्त पडतं. पण यासाठी मार्ग लिहून विभागीय कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि मग प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगळं. शिवाय जनशताब्दीचा हट्ट सोडून परभणी किंवा पूर्ण्याहून देवगिरी, नंदीग्रामसारखी साधी एक्सप्रेस धरावी लागेल. हाताशी वेळ असेल तर जरूर करा. माझ्याकडे अर्ज घेऊन फिरायला सुट्टी नव्हती.

६० दिवसांचं गणित

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तुमच्या प्रवासाचे पाच तुकडे पाच वेगळ्या तारखांचे असतील, तर आरक्षणही पाच वेगळ्या सकाळी उघडणार. फोनमध्ये पाच अलार्म लावा.

इथे एक अडचण आहे. पहिल्या तुकड्याचं तिकीट आधी मिळतं आणि हट्टी गाडीचं शेवटी. मग हट्टी गाडी वेटिंगवर गेली तर? म्हणून आधी बघून ठेवा की त्या गाडीला साधारण किती दिवस आधीपर्यंत जागा शिल्लक असते. दोन-तीन आठवडे रोज एकदा उपलब्धता बघा, अंदाज येतो. आषाढी-कार्तिकीच्या आसपास पंढरपूरच्या गाडीत जागा शोधू नका. दिवाळी, गणपतीत कोकणची शोधू नका. आम्ही डिसेंबर निवडला.

गाडी चुकलीच तर

१ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडायची सोय आहे, कनेक्टिंग जर्नी म्हणून. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता परत मिळू शकतात. अट अशी की दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तीच हवी आणि पहिलीचं उतरायचं स्टेशन तेच दुसरीचं चढायचं. पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत दावा करायचा.

हे मला त्या फलाटावरच्या रात्री माहीत नव्हतं. माहीत असतं तर पैसे वाचले असते. रात्र मात्र वाचली नसती. म्हणून मी परतावा हा शेवटचा उपाय मानतो, प्लॅन नाही. खरा उपाय म्हणजे अंतर. दोन गाड्यांत दिवसा किमान चार तास. आणि दिवसातली शेवटची गाडी असेल तर मध्ये अख्खी रात्रच टाका. मुंबईत आम्ही हेच केलं. दुपारनंतर उतरलो, रात्री नातेवाइकांकडे थांबलो, सकाळी मांडवी.

पावसाळ्यात जाऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. दिसायला पावसाळाच सुंदर, यात वाद नाही. पण कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाड्या मुद्दाम हळू चालवतात, रुळांवर गस्त असते. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड रुळावर आली आणि जवळजवळ एक दिवस वाहतूक बंद होती. मित्रांबरोबर असाल, सुट्टी लवचीक असेल तर जा. फक्त बफर एक दिवसाचा दोन करा. साठीच्या पुढची माणसं सोबत असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबरात दूधसागरला पाणी कमी असतं हे खरंय, पण असतं.

आणि कृपा करून दूधसागरला गाडीतून उतरू नका. रुळावरून चालत तिथे जायला बंदी आहे. २०२३ च्या जुलैत गेलेल्या पोरांना पोलिसांनी रुळाशेजारी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. घाटात बोगदे आहेत, कड्याला चिकटून रूळ आहेत, समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही. खिडकीतून मिळतं तेवढं पुरेसं आहे.

शेवटचा तुकडा, ज्याला कुणी ‘सीनिक’ म्हणत नाही

मिरज ते लातूर. इथे ना घाट ना धबधबा. ज्वारी, ऊस, काळी माती, मोठं आकाश. यूट्यूबवर या मार्गाचे व्हिडिओ फारसे सापडणार नाहीत. पण मला विचाराल तर हा तुकडा गोष्टींनी भरलेला आहे.

मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात, पिढ्यान्‌पिढ्या. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सकाळी दोन तास काढून कारागिरांच्या गल्लीत जा, भोपळ्यापासून तंबोरा कसा होतो ते बघा. पुढे कुर्डुवाडी ते बार्शी, हा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेचा मुलूख. १८९७ साली इथे अडीच फुटी रुळांवर छोटी गाडी सुरू झाली. आज आपण ब्रॉडगेजवरून जातो, पण कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘बार्शी लाइट’च असतं.

आणि याच रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पाणी रेल्वेने आणावं लागलं. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिला तिचं रत्नागिरीचं वाक्य आठवलं. ती खिडकीतून रुळांकडेच बघत होती, शेताकडे नाही.

पंढरपुरात बाबांनी महाद्वारी नामदेव पायरीपाशी हात जोडले. संत नामदेव म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या नरसीचे. त्यांचे गुरू विसोबा खेचर आणि त्यांची भेट आपल्या औंढ्या नागनाथला झाली असं मानतात. बाबा म्हणाले, “सातशे वर्षांपूर्वी हा माणूस नरसीहून इथं आला, ना गाडी ना रिझर्व्हेशन.” मी गप्प बसलो. माझ्या स्प्रेडशीटवर इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं.

थोडक्यात, आमचे आठ दिवस

पहिला दिवस: हिंगोली ते मुंबई जनशताब्दी, मुंबईत मुक्काम.
दुसरा: मांडवीने रत्नागिरी, समुद्र.
तिसरा: दुपारी तीच मांडवी, मडगाव.
चौथा: दुपारची गोवा एक्सप्रेस, घाट उजेडात, रात्री मिरज.
पाचवा: सकाळी मिरज, मग पंढरपूर.
सहावा: पंढरपूर, दर्शन.
सातवा: मोकळा ठेवलेला दिवस, आणि त्याच दिवशी आपली हट्टी गाडी.
आठवा: सकाळी हिंगोली.

तारखा टाकण्याआधी गाड्यांच्या वेळा आणि वार अधिकृत ॲपवर तपासा, ते बदलत असतात. आणि सगळ्या तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोकणच्या बोगद्यांत आणि घाटात नेटवर्क नावाची गोष्ट नसते.

हिंगोलीला उतरलो तेव्हा बाबांनी माझ्याकडून ती स्प्रेडशीटची प्रिंट मागून घेतली. मला वाटलं रद्दीत टाकायला. आता ती त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहे, घडी घालून. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेनने लिहिलंय: भोपाळ, उज्जैन. आणि खाली प्रश्नचिन्ह.

तर मंडळी, तुमच्या घरातून कुठलं वर्तुळ निघतं ते नकाशा उघडून बघा. हट्टी गाडी कोणती, उजेड कुठे हवा, मोकळा दिवस कुठे ठेवणार, एवढं व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन प्लॅन घेऊन बसू आणि कुठे फाटतात ते शोधू. भेटू मग. ऐकत राहा, आणि चाळीस मिनिटांवर विश्वास ठेवू नका!